वाचनालय सगळ्यांसाठी कसं करायचं: रस्त्यापासून पुस्तकाच्या पानापर्यंत

मी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागले त्याच आठवड्यात एक आजी पुस्तक परत करायला आल्या. पुस्तक त्यांच्या यजमानांच्या, म्हणजे गुरुजींच्या नावावर होतं आणि सहा महिने थकलेलं, मी दंडाची पावती फाडायला घेतली तर त्या म्हणाल्या, "बाई, त्यांना आता दिसत नाही हो, कार्ड बंदच करा." मी कार्ड बंद केलं, अनामत परत दिली, सही घेतली. चाळीस वर्षं दर आठवड्याला येणारा माणूस, आणि आमच्या रजिस्टरात फक्त एक सभासद कमी झाला. हे मला अजून लागतं. त्यामुळे जे कोणी नव्याने ग्रंथपाल झालेत, वाचनालयाच्या कार्यकारिणीत आलेत किंवा गावात नवीन वाचनालय काढतायत त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितेय, म्हणजे आम्ही जे उशिरा केलं ते तुम्ही आधीच कराल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. युनिव्हर्सल डिझाइन हा शब्द ऐकून दडपून जाऊ नका. रॉन मेस नावाचे अमेरिकन आर्किटेक्ट, लहानपणीच पोलिओ झाल्याने स्वतः व्हीलचेअर वापरणारे, त्यांनी हा शब्द रूढ केला आणि १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याची ७ तत्त्वं मांडली. आपल्या भाषेत सांगायचं तर वस्तू पहिल्यापासूनच अशी करायची की जास्तीत जास्त लोकांना ती तशीच्या तशी वापरता येईल. आपल्याकडे पारायणाच्या पोथ्या मोठ्या टायपात छापतात ना, ती पोथी आजी पण वाचते आणि नात पण वाचते, आजीची पोथी वेगळी असं कोणी म्हणत नाही. तेच वाचनालयाचं करायचंय.

म्हणून माझं पहिलं सांगणं, मागच्या खोलीत वेगळा "दिव्यांग कक्ष" काढून त्याला कुलूप लावून ठेवू नका. दार एकच, काउंटर एकच, आणि आलेल्या माणसाला कोणाला हाक न मारता स्वतःचं पुस्तक स्वतः घेता आलं पाहिजे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साधारण २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे तुमच्या गावातही आहेत, तुमच्याकडे येत नाहीत एवढंच. "आमच्याकडे असं कोणी येतच नाही, मग खर्च कशाला" हे वाक्य तुम्हाला कार्यकारिणीच्या मीटिंगमध्ये ऐकायला मिळणारच. पायऱ्या आहेत म्हणून ते येत नाहीत, हे शांतपणे आणि पुन्हा पुन्हा सांगायची तयारी ठेवा.

पहिला टप्पा: सोबत चालून बघा

नकाशा, कोटेशन, गवंडी हे सगळं नंतर. आधी तीन-चार माणसांना बोलवा. एक व्हीलचेअर किंवा कुबड्या वापरणारी व्यक्ती, एक अगदी कमी दिसणारी किंवा अंध व्यक्ती, एक गुडघे दुखणाऱ्या आजी, आणि जमलं तर कडेवर बाळ असलेली एखादी आई. त्यांना जायच्या-यायच्या रिक्षाचे पैसे द्या, तो त्यांचा वेळ आहे. मग त्यांना म्हणा, रस्त्यावर रिक्षातून उतरा, आत या, तुम्हाला हवं ते एक पुस्तक शोधा, काउंटरला नोंद करा, बसून दोन पानं वाचा, बाथरूमला जाऊन या आणि घरी निघा. तुम्ही फक्त मागे वही घेऊन चालायचं, मदत करायची नाही (पडायची वेळ आली तर अर्थातच करायची), आणि जिथे जिथे माणूस थांबला, चाचपडला, कोणाला विचारावं लागलं ते लिहायचं.

आम्ही हे केलं तेव्हा आमच्या वहीत २३ जागा निघाल्या, आणि त्यातल्या अर्ध्याहून जास्त ठिकाणी एक रुपयाही खर्च नव्हता, नुसतं काहीतरी हलवायचं होतं. दारातली कुंडी, वाटेत ठेवलेली सायकल, नेमका अरुंद जागेत उभा केलेला पाण्याचा जार असलं सगळं.

दुसरा टप्पा: रस्ता ते दार

इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून इथे जरा थांबते. रॅम्पचा नियम सोपा आहे, १ ला १२. म्हणजे १ इंच चढायला १२ इंच लांबी. जोतं जमिनीपासून ६ इंच वर असेल तर रॅम्प ६ फूट, १८ इंच असेल तर १८ फूट. उंची अंदाजाने धरू नका, गवंड्याकडे पाणी भरलेली लेव्हलची नळी असते त्याने मोजून घ्या, कारण अंगण बहुतेक वेळा उतरतं असतं आणि डोळ्याला ते कळत नाही.

आमचा चढ होता १४ इंच, आणि माझ्या आधीच्या काळात तिथे ४ फुटाचा रॅम्प बांधलेला होता. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा व्हीलचेअरवरून आला, दोघांनी मागून ढकलला तेव्हा वर चढला, आणि उतरताना खुर्ची पुढे कलंडेल म्हणून त्याला उलटं धरून उतरवावं लागलं. खाली आल्यावर तो म्हणाला, "मॅडम, हा माणसांसाठी नाही, मोटारसायकल चढवायला आहे." खरंच लोक त्यावरून गाड्या चढवून व्हरांड्यात लावायचे. तो रॅम्प आम्ही फोडला आणि भिंतीच्या कडेने १४ फूट लांब नवा केला. जागा कमी असेल तर सरळ न नेता मध्ये वळवा, पण वळणावर ५ बाय ५ फुटाचा सपाट चौथरा हवाच, चढावर खुर्ची वळवता येत नाही. वर दारासमोरही तेवढीच सपाट जागा ठेवा, नाहीतर दार उघडेपर्यंत खुर्ची मागे घसरत राहते.

रॅम्पला दोन्ही बाजूंनी पाइपचं रेलिंग, दोन उंचीवर, साधारण ३० इंच आणि ३६ इंच. खालचा पाइप व्हीलचेअरवाल्यांना आणि लहान मुलांना, वरचा चालणाऱ्यांना. कडेला दोन-तीन इंचाची कड उचलून घ्या म्हणजे चाक बाहेर जात नाही. वर चकचकीत टाइल्स अजिबात बसवू नका, उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतात आणि पहिल्या पावसात माणूस आपटतो. खरखरीत फरशी घ्या किंवा कोब्यालाच आडव्या रेघा ओढून घ्या.

आणि पायऱ्या काढून टाकू नका हं. कुबड्या किंवा कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) वापरणाऱ्या बऱ्याच जणांना उतारापेक्षा रेलिंग असलेली पायरी बरी पडते. पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा दोन इंचाचा पट्टा मारा, कमी दिसणाऱ्याला तेवढ्याने पायरी कुठे संपते ते कळतं. एका डब्याच्या रंगात काम होतं.

मग दार. जुन्या इमारतींना दोन झडपांचं दार असतं आणि आपण सवयीने एकच झडप उघडतो, राहते दोन फुटाची फट. दोन्ही उघडा. ३ फूट मोकळी रुंदी लागते. उंबरठा अर्ध्या इंचापेक्षा उंच असेल तर दोन्ही बाजूंनी सिमेंटचा छोटा उतार द्या.

चपलांचं पण बोलायला हवं. आपल्याकडे वाचनालय म्हणजे विद्येचं मंदिर, त्यामुळे "पादत्राणे बाहेर काढावीत" ही पाटी असतेच आणि दारात चपलांचा ढीग. त्या ढिगात पांढरी काठी अडकते, वॉकर अडकतो. आणि कॅलिपर पायातल्या बुटाला जोडलेला असतो, तो बूट काढला तर माणूस उभाच राहू शकत नाही. आमच्याकडे एक ताई फक्त या पाटीमुळे वर्षभर दारातूनच पुस्तक मागवून घेत होत्या, कोणाला सांगायला त्यांना संकोच वाटायचा. आम्ही पाटी काढली, दारात मोठं पायपुसणं घातलं (जमिनीच्या पातळीत बसवलेलं, सरकणारं नको), आणि चपलांसाठी रॅक वाटेच्या बाहेर भिंतीला लावला. ज्यांना काढायच्यात ते काढतात.

वाचनालय पहिल्या मजल्यावर असेल आणि लिफ्टचं शक्य नसेल तर? हे खूप गावांत आहे, खाली ग्रामपंचायत किंवा गाळे आणि वर आपण. मग निदान खालच्या मजल्यावर एक खोली मागा. वर्तमानपत्रं, मासिकं, दिवाळी अंक, पुस्तक देवघेव आणि अभ्यासिकेची काही टेबलं खाली आणा, ऑफिस आणि जुने बांधीव अंक वर न्या. बेल लावून "खाली थांबा, आम्ही पुस्तक आणून देतो" ही तात्पुरती सोय म्हणून चालेल, पण त्या माणसाला पुस्तकं चाळायचा आनंद त्यात मिळत नाही.

तिसरा टप्पा: आत आल्यावर

दोन रॅकच्या मधली वाट कमीत कमी ३ फूट, ४ जमली तर उत्तम, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला व्हीलचेअर वळायला ५ फुटाची जागा. बहुतेक वाचनालयांत एवढी जागा नाही हे मला माहितीये. पण रॅक कमी करायचा विचार करून बघा, कारण दहा-दहा वर्षं कोणी हात न लावलेली फाटकी पुस्तकं रॅकवर असतात, नियमाप्रमाणे निर्लेखन करा (म्हणजे रजिस्टरातून रीतसर काढून टाका), जागा होते.

स्टीलचा रॅक साडेसहा फुटाचा असतो. बसलेल्या माणसाचा हात साधारण ४ फुटापर्यंत पोचतो आणि आजींना खालच्या फळीपर्यंत वाकता येत नाही. म्हणून जास्त वाचली जाणारी पुस्तकं मधल्या फळ्यांवर आणा, कथा, कादंबऱ्या, चरित्रं, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं सगळी. अगदी वरची आणि अगदी खालची फळी कमी लागणाऱ्या पुस्तकांना. हे काम एका सुट्टीच्या दिवशी चार पोरं हाताशी घेऊन होतं. आणि काचेच्या कपाटांची कुलुपं काढा. यादीत बघा, चिठ्ठी लिहा, मग शिपाई काढून देईल या पद्धतीत ज्याला यादी दिसत नाही किंवा लिहिता येत नाही तो दारातच संपतो.

काउंटरचा एक भाग अडीच फूट उंचीचा ठेवा. टेबलाखाली आडवी पट्टी किंवा ड्रॉवर असेल तर व्हीलचेअरवर बसलेल्याचे गुडघे आत जात नाहीत, तशी निदान दोन टेबलं मोकळी हवीत. पेपरचे तिरके स्टँड आपल्याकडे उभ्याने वाचायचे असतात, सकाळी आठला सगळे आजोबा त्याच्यासमोर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभे असतात ते बघवत नाही. एक स्टँड कापून बसायच्या उंचीचा करून घ्या, फॅब्रिकेशनवाला तासाभरात करतो. आम्ही केला तर सगळ्यात आधी त्यावर नंबर लावायला लागले ते धडधाकट आजोबाच.

उजेड बघा. ट्यूब रॅकच्या डोक्यावर असेल तर मधल्या वाटेत अंधार पडतो, ट्यूब वाटेवर हवी. एका टेबलाला मान वळणारा एलईडी दिवा आणि साखळीने न बांधलेलं एक चांगलं भिंग द्या. फडफडणारी ट्यूब आणि खडखडणारा पंखा लगेच बदला, स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना आणि फीट येणाऱ्यांना त्याचा फार त्रास होतो.

पाट्या मोठ्या, ठळक, पांढऱ्यावर काळ्या, चमक नसलेल्या. पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर बॉलपेनने लिहिलेला नको, मोठ्या टायपात छापून चिकटवा. पाटीबरोबर चित्रही असू द्या, मुलांना आणि नुकतंच वाचायला शिकलेल्यांना उपयोग होतो. जमिनीवर बसवतात त्या पिवळ्या उठावाच्या फरशांबद्दल पण, रेघा म्हणजे चालत राहा आणि ठिपके म्हणजे सावध. गेटपासून काउंटरपर्यंत सलग बसवता येणार असतील तरच बसवा, मध्येच भिंतीवर नेऊन सोडणारी फरशी धोक्याची.

चौथा टप्पा: पुस्तक हातात आलं, पण वाचायचं कसं

गुरुजींची गोष्ट इथे येते. रॅम्प, रेलिंग कशानेच त्यांचा प्रश्न सुटणार नव्हता, त्यांना पान दिसत नव्हतं.

एक, मोठ्या टायपाची पुस्तकं वेगळी ओळखून त्यांना एकसारखी खूण करा आणि नवीन खरेदीत मुद्दाम बघून घ्या. दोन, ब्रेल. "स्पर्शज्ञान" हे मराठीतलं पहिलं ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये सुरू केलं. गावात ब्रेल वाचणारी मुलं असतील तर ब्रेल साहित्य जरूर मागवा, पण म्हातारपणी नजर गेलेल्यांना ब्रेल येत नसतं, त्यांना ऐकायची सोय लागते.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, सुगम्य पुस्तकालय. २०१६ मध्ये सुरू झालेली ही ऑनलाइन लायब्ररी आहे, छापील पान वाचता न येणाऱ्यांसाठी, त्यात मराठी पुस्तकंही आहेत. यात अंध व्यक्तीच येतात असं नाही, डिस्लेक्सिया (अक्षरं वाचायला अडचण) असलेले किंवा हातात पुस्तक धरता न येणारे पण येतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र जोडून नोंदणी करावी लागते, ती आपल्या काउंटरवर बसून करून द्या.

चार, वाचनालयाच्या एका कॉम्प्युटरवर एनव्हीडीए टाका. हा स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम पूर्ण फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेला, आणि तो मराठीही वाचतो. हेडफोन ठेवा. अँड्रॉइड फोनमध्ये असंच बोलून दाखवणारं टॉकबॅक आधीच असतं, ते चालू कसं करायचं आणि बंद कसं करायचं हे तुम्ही स्वतः शिकून घ्या, कारण विचारायला लोक तुमच्याकडेच येणार.

कॉपीराइटची भीती घालणारं कोणीतरी भेटतंच. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आहे, दिव्यांग वाचकाला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत करून द्यायला परवानगी आहे, आणि त्यात शासनमान्य ग्रंथालयं पण येतात. आपल्या पाटीवर "शासनमान्य" लिहिलेलं असतं ना, ते इथे कामी येतं. अट अशी की नफा कमवायचा नाही आणि ती प्रत इतरांच्या हातात जाऊ द्यायची नाही. छापील पान वाचता न येणाऱ्यांसाठीचा माराकेश करार मंजूर करणारा पहिला देश भारतच होता, २०१४ मध्ये, हे कार्यकारिणीला जरूर सांगा.

मी गुरुजींच्या घरी गेले, एका जुन्या पुस्तकाची पानं स्कॅन करून, मजकूर ओळखून फोनमध्ये टाकली होती. पहिलं वाक्य वाचलं गेलं, यंत्राचा आवाज, जोडाक्षरांवर अडखळणारा. गुरुजी म्हणाले, "उच्चार सुधारायला हवेत याचे." आणि मग तासभर हलले नाहीत. आता नातवाबरोबर महिन्यातून दोनदा येतात, नवीन कार्ड काढलंय, अनामत भरलीये.

पाचवा टप्पा: व्हॉट्सॲप ग्रुप आणि यादी

आपण नवीन पुस्तकांची यादी छान रंगीत पोस्टर करून ग्रुपवर टाकतो. स्क्रीन रीडरला (एनव्हीडीए, टॉकबॅकसारख्या बोलणाऱ्या प्रोग्रॅमला) त्यातलं काहीच वाचता येत नाही, नुसतं "इमेज" म्हणतो. पोस्टरखाली तीच यादी टाइप करून टाका, बस. दुसरं, जुन्या फाइली. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी आपल्याला मराठी दिसते, पण फोन ती वाचताना इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी बोलतो. आमची अकरा हजार पुस्तकांची यादी अशीच होती, कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनला मराठी म्हणूनच कळतील अशा अक्षरांत) आणली आणि मग दोन महिने हाताने दुरुस्त केली. तुम्ही नवीन सुरू करत असाल तर पहिल्या दिवसापासून युनिकोडच.

सहावा टप्पा: बोलणं आणि नियम

कर्णबधिर वाचक आला तर ओरडू नका. उजेडाकडे तोंड करून, नेहमीच्या वेगाने बोला, काउंटरवर पॅड आणि पेन ठेवा. फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब घेऊन ठेवा, आपण मराठीत बोललेलं समोर अक्षरात दिसतं. अंध व्यक्तीचा हात धरून ओढू नका, आपला कोपर पुढे करा आणि विचारा. सोबत आलेल्या माणसाशी नाही, वाचकाशी बोला. "यांना कुठलं पुस्तक हवंय?" हे मी स्वतः कितीदा विचारलंय, समोर बसलेला माणूस ऐकत असताना.

बौद्धिक दिव्यांग मुलाला कार्ड द्या, त्याच्या स्वतःच्या नावाचं. अंगठा चालेल. पुस्तक फाटलं तर फाटलं. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाकडे गावचा पत्त्याचा पुरावा नसतो, मुकादमाच्या किंवा शाळेच्या ओळखीवर मुलांना पुस्तकं द्या. आठवड्यात एक वेळ अशी ठेवा की तेव्हा "शांतता राखा" नसेल, मोठ्याने वाचायचं, एकमेकांना वाचून दाखवायचं. आणि घराबाहेर पडूच न शकणाऱ्यांची यादी करून पंधरा दिवसांनी पिशवी घरपोच.

पैशाचं काय

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अनुदान आहे, पण ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाच्या वाचनालयाला त्यातून पगार आणि पुस्तकं भागवतानाच नाकी नऊ येतात. म्हणून दुसरीकडेही मागा. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात, तिथे वहीतल्या नोंदी, फोटो आणि कोटेशन जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय लायब्ररी फाउंडेशनच्या योजना बघा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानतो आणि सार्वजनिक जागा सुगम्य असल्या पाहिजेत असं सांगतो, अर्जात त्याचा उल्लेख करा. पैसे येईपर्यंत वहीतली फुकटची कामं संपवून टाका.

आणि नंतर दर महिन्याला

टॉयलेटचं शेवटी लिहितेय कारण ते बांधून झाल्यावरच बिघडतं. दार बाहेर उघडणारं, ३ फूट रुंद, कमोडशेजारी भिंतीत पक्के बसवलेले दांडे, आत खुर्ची वळेल एवढी जागा, हे सगळं नीट करतात लोक. आणि सहा महिन्यांनी बघावं तर मोकळी जागा दिसली म्हणून आत रद्दीचे गठ्ठे, झाडू, मोडक्या खुर्च्या, आणि बाहेरून कुलूप. दर महिन्याच्या एक तारखेला स्वतः आत जाऊन बघा. दांडा हलतोय का, पाणी येतंय का, कडी बसून हाताला लागते का. जूनच्या आधी रॅम्पवरचं शेवाळ खरवडून घ्या. रॅम्पच्या तोंडाशी गाडी दिसली तर लगेच काढायला लावा, मग ती अध्यक्षांची असली तरी. आणि टॉयलेटची किल्ली काउंटरला ठेवू नका, दार उघडंच असू द्या.